फौज म्हणजे पोरं दुरुस्त करायचं गॅरेज नव्हे

(प्रश्न : मुलाला बारावी कॉमर्सला ५६ टक्के आहेत. दिवसभर मोबाइल. अग्निवीर भरतीसाठी अकादमीत घातला, दोनदा पळून आला. फौजेत गेला की शिस्त लागेल, पेन्शन मिळेल, गावात मान राहील. एनडीए जमेल का? त्याला कसं समजवावं? – एक पालक, कोरेगाव, जि. सातारा)

दादा, ५६ टक्क्यांची मला काळजी वाटली नाही. पोरगा दोनदा पळून आला हे तुम्ही एका ओळीत उरकलंत आणि गावातल्या मानावर पाऊण पान लिहिलंत, त्याची वाटली. घरात लागलं नाही ते वळण सुभेदार लावेल, असा तुमचा हिशोब दिसतो. तुमच्याच जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी आहे, पिढ्यान्‌पिढ्या फौजेत माणसं देणारं गाव. तिथल्या कुणा जुन्या फौजीला विचारा, बिघडलेलं पोर पाठवतात की तयारीचं.

आपल्याला फौज दिसते ती २६ जानेवारीला, नाहीतर तिरंग्यात गुंडाळून आलेल्या पेटीत. मधली वर्षं दिसत नाहीत. माझ्या ओळखीचे एक निवृत्त हवालदार सियाचीनला होते. लोक विचारतात, ‘किती मारले?’ ते हसून विषय बदलतात. मला एकदा म्हणाले, तिथलं काय आठवतं तर रॉकेलच्या शेगडीची काजळी. थुंकी काळी पडायची. बाकी सतरा वर्षं म्हणजे पहाटेचं फॉलिन म्हणजे हजेरीची रांग, रात्रीचा पहारा आणि मंजूर होईल-न होईल अशी सुट्टी. थोरलीला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती रांगत होती, आणि यांना बघून रडली. सदतिसाव्या वर्षी घरी आले. १५ ऑगस्टला गावानं शाल-नारळ दिला, १६ला ते बँकेच्या दारात गार्डच्या खुर्चीवर. तरी फौजेला नावं ठेवत नाहीत हं. पलटणीतल्या दोस्ताच्या पोरीच्या लग्नाला दोन दिवसांचा रेल्वेप्रवास करून जातात.

आता पेन्शन. ती जुन्या भरतीच्या जवानाला, तीही १५ वर्षं नोकरी झाल्यावर. अग्निवीर भरती होते २०२२ च्या अग्निपथ योजनेत, आणि तिथं नोकरी चार वर्षांची. त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जणांना कायम करतात. बाकीचे साधारण ११.७१ लाखांचा सेवा निधी घेऊन घरी येतात, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांच्याच पगारातून कापलेली असते : पहिल्या वर्षी महिना ३०,००० पैकी हातात २१,०००. त्यांना पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, आणि स्वस्तात सामान मिळतं त्या लष्करी कँटीनचं कार्डही नाही. बाविशीत घरी आलेल्या पोराचं पुढं काय, याचं उत्तर तुमच्याकडे आहे?

एनडीए म्हणजे फौजेतले अधिकारी घडवणारी अकादमी. तिच्या भूदलाला कॉमर्सवाला बसू शकतो, पण परीक्षा यूपीएससीची आणि गणिताचा पेपर ३०० गुणांचा.

पत्राच्या मागे वेगळ्या शाईत एक ओळ आहे, तुम्ही पाहिली नसावी. ‘सर, मला ट्रॅक्टरचं इंजिन खोलून बसवता येतं.’ म्हणजे पोरगा दिवसभर मोबाइलवर नसतो. त्याला आयटीआयला घाला, डिझेल मेकॅनिक किंवा मोटर मेकॅनिक. उद्या त्यालाच फौजेत जावंसं वाटलं, तर अग्निवीर टेक्निकलला आयटीआयवाला चालतो.

अकादमीची उरलेली फी सोडून द्या. आणि पुढचं पत्र त्याला लिहू द्या, अख्खं.