निष्काम कर्मयोग रोजच्या कामधंद्यात खरंच जमतो का? फळाची अपेक्षाच नसेल तर माणूस राबेल कशाला?

जमतो. आणि माणूस राबतोही. पण 'फळाची अपेक्षा नको' याचा तुम्ही जो अर्थ धरलाय, तोच आमच्या थोरल्या मेहुण्यांनी धरला होता, म्हणून लिहायला बसलो.

आमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग. 2014 च्या मार्चात गारपीट झाली तेव्हा माल काढणीला आला होता. मण्यांत पाणी उतरून गोडी भरलेली, व्यापाऱ्याशी सौदा झालेला. वीस मिनिटांत घड मातीत. आण्णा, म्हणजे माझे वडील, पंपाच्या खोलीमागे जाऊन रडले. संध्याकाळी मेहुणे आले आणि ओट्यावर बसून म्हणाले, "आण्णा, कर्मण्येवाधिकारस्ते. फळाची आशा धरलीत म्हणून दुःख झालं." आण्णा गप्प राहिले. मला ते वाक्य आजही सहन होत नाही.

गीतेतल्या त्याच श्लोकाचा शेवट आहे 'मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि'. काही न करता बसून राहण्याचीही ओढ नको. तो चरण कुणी म्हणतच नाही. पुढच्याच श्लोकात योगाची व्याख्या येते: काम साधो वा फसो, मन सम ठेवून कर्म कर, समत्व म्हणजेच योग. फळाकडे बघू नको, असं यात कुठे आहे? द्राक्षवाल्याला तर रोज घड हातात घेऊन बघावाच लागतो.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आण्णा कात्री घेऊन बागेत. फुटलेले घड उतरवले. गारांनी सोललेल्या काड्यांवर बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक, मारलं, कारण त्या जखमांतून बुरशी शिरते. एप्रिलची खरड छाटणी वेळेवर घेतली. या छाटणीला फळ नसतं, नुसती काडी तयार होते. फळ धरायचं ते ऑक्टोबर छाटणीला. सोसायटीचं कर्ज डोक्यावर असताना त्यांनी ती काडी नेहमीच्याच निगुतीने घडवली. आदल्या दिवशीचं रडणं आणि ही छाटणी, माझ्या लेखी दोन्ही मिळून समत्व. आण्णा कधी आसन घालून बसले नाहीत. पौषवारीला त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या समाधीला जायचे, एवढंच. मेहुण्यांचा प्राणायाम रोजचा आहे, तो चांगलाच, पण योग तेवढाच नव्हे.

सुरुवात कशी करायची म्हणाल, तर ज्या कामाचं श्रेय लगेच मिळत नाही ते आधी नीट करायला लागा. किती दिवसांत जमेल ते योगसूत्रं लिहिणाऱ्या पतंजलींनीही सांगितलेलं नाही. दीर्घकाळ, खंड न पडता, आदराने केलेला अभ्यास पक्का होतो, इतकंच ते म्हणतात.

एक मात्र आहे. नुकसानीने झोप उडाली असेल, जीव नकोसा झाला असेल, तर आधी डॉक्टरांकडे जा, गीता नंतर वाचा. आणि अशा कुणाच्या घरी भेटायला गेलात तर श्लोक सांगू नका. त्यांच्याबरोबर बागेत जा, एक ओळभर घड उतरवू लागा.