'रूस्टर कूप'ला मराठीत काय म्हणायचं: पिंजरा, कोंडवाडा की खुराडं?

प्रश्न असा आहे: अरविंद अडिगांच्या 'द व्हाइट टायगर' या इंग्रजी कादंबरीवर मराठीत टिपण लिहायचं आहे. त्यातलं 'रूस्टर कूप' (शब्दशः, कोंबडे ठेवायची जागा) हे प्रतीक मराठीत कोणत्या शब्दानं आणावं? प्रश्न विचारणाऱ्या बाईंनी आधी 'पिंजरा' लिहिलं होतं. कुणीतरी 'कोंडवाडा' सुचवलं. शब्दकोशात 'खुराडं' सापडलं, पण तो शब्द त्यांना 'फारच गावठी' वाटतोय.

मी डोळे मिटून 'खुराडं' लिहीन. गावठीपणाचं म्हणाल, तर ही गोष्ट सांगणारा बलराम हलवाई गयेकडच्या लक्ष्मणगढ गावचा, सायकलरिक्षा ओढणाऱ्याचा मुलगा. त्याच्या तोंडी गावचा शब्द शोभतोच.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 2008 साली ती आली आणि त्याच वर्षी तिला बुकर मिळालं. बलराम धनबादच्या जमीनदाराच्या घरी ड्रायव्हर म्हणून लागतो, धाकट्या मालकाबरोबर दिल्ली-गुडगावला जातो, एके दिवशी त्याच मालकाचा खून करून सात लाखांची बॅग घेऊन पळतो आणि बंगळूरला टॅक्सीचा धंदा उभारतो. ही सगळी हकिगत तो सात रात्री बसून चीनच्या पंतप्रधानांना लिहितो. आपल्यासारखे लाखो नोकर मालकाविरुद्ध का उठत नाहीत, हे समजावताना तो जुन्या दिल्लीतल्या जामा मशिदीमागच्या बाजारात नेतो. तिथं जाळीच्या पिंजऱ्यांत कोंबडे खच्चून भरलेले असतात. एकमेकांना टोचतात, एकमेकांच्या अंगावर घाण करतात. वरच्या फळीवर खाटीक नुकतंच कापलेलं कोंबडं मांडून बसलेला असतो. खालच्यांना रक्ताचा वास येतो, पुढची पाळी आपली हेही कळतं, तरी ते बंड करत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, वर्णनात धडधडीत जाळीचा पिंजराच आहे, मग 'पिंजरा' का नको? कारण कादंबरीत दुसरा एक पिंजरा आहे, आणि तो वाघाचा आहे. दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात बलराम पांढरा वाघ बघतो. वाघ गजांमागे एकाच वाटेनं येरझाऱ्या घालत असतो. बलरामला वाटतं, अशा चालण्यानं तो स्वतःलाच भूल घालतोय, नाहीतर हा पिंजरा त्याला सोसवणार नाही. आणि वाघाशी नजर भिडते तेव्हा बलराम चक्कर येऊन पडतो. शाळेत असताना तपासनिसानं त्याला 'तू या जंगलातला पांढरा वाघ आहेस' असं म्हटलेलं असतं, पिढीतून एकदाच जन्मणारं जनावर. म्हणजे वाघाला आपण पिंजऱ्यात आहोत हे क्षणभरही विसरता येत नाही आणि कोंबड्यांच्या मनात बाहेर पडायचं येतही नाही. दोन्हींना 'पिंजरा' म्हटलं की हा फरक पुसला गेला, आणि सगळी कादंबरी या फरकावर उभी आहे. शिवाय मराठीत पिंजरा म्हटलं की आधी पोपट डोळ्यांसमोर येतो. दार उघडलं की भुर्र उडून जाणारा.

(वाघाचं निघालंच आहे तर: 1951 साली रीवाच्या महाराजांनी पकडलेला 'मोहन' हा आज प्राणिसंग्रहालयांत दिसणाऱ्या बहुतेक पांढऱ्या वाघांचा मूळपुरुष. त्याची पुढची पिढी जंगलात वाढलीच नाही, पिंजऱ्यातच जन्मली. बलराम ज्या वाघाला बघून कोसळला, त्यानंही बहुधा जंगल पाहिलेलं नसणार. मला हे कळल्यापासून तो प्रसंग पहिल्यासारखा वाचता येत नाही.)

आता खुराडं. माझ्या आजीच्या घरी ते पडवीच्या कोपऱ्यात होतं. दगडमातीचं, कमरेइतकं उंच, पुढे हातभर तोंड. दिवेलागण झाली की उकिरड्यावर, वईत, शेजारच्या परड्यात पांगलेल्या कोंबड्या एकेक करून परत यायच्या आणि वाकून आत शिरायच्या. त्यांना कुणी हाकलायचं नाही, बोलवायचंही नाही. सगळ्या आत गेल्या की आजी तोंडाशी फळी लावायची आणि फळीला धोंडा टेकवायची. धोंडा कोंबड्यांसाठी नव्हताच, तो मुंगसासाठी आणि बोक्यासाठी. पाहुणे येणार असले की आजी रात्री कंदील घेऊन फळी सरकवायची, हात आत घालायची आणि एक कोंबडा पाय धरून बाहेर काढायची. बाकीचे थोडं सरकायचे, थोडा कलकल व्हायचा, मग गप्प. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उरलेल्या कोंबड्या त्याच खुराड्यात, त्याच तोंडातून, आपल्या पायांनी.

बलरामला नेमकं हेच सांगायचंय. खुराड्याला पहारेकरी लागत नाही, तो आतच असतो. तो एक साधं उदाहरण देतो: दिल्लीच्या रस्त्यावर रोज कुठला तरी ड्रायव्हर मालकाची लाखो रुपयांनी भरलेली बॅग मागच्या सीटवर ठेवून एकटा गाडी चालवत असतो, आणि तिला हात लावत नाही. प्रामाणिकपणा हे त्याचं कारण नव्हे, असं बलराम म्हणतो. तो पळाला तर गावाकडं मालकाची माणसं त्याच्या घरच्यांना हुडकून काढतील, मारतील, जाळतील. म्हणजे धोंडा टेकवलाय तो घरच्या माणसांचा. ज्या आजीनं, कुसुमनं, त्याला वाढवलं तिच्याच जिवाची भीती त्याचं दार लावून ठेवते. खुराडं हे कोंबड्यांचं घरही असतं, हा अर्थ पिंजऱ्यात येणारच नाही. माया आणि बंदोबस्त एकाच फळीनं होतो, हे मराठी शब्दात आपोआप आलेलं आहे.

'कोंडवाडा' सुचवणाऱ्याचं मन मी समजू शकतो. 1974 साली दया पवारांच्या कवितासंग्रहाचं नाव 'कोंडवाडा' होतं आणि तेव्हापासून या शब्दाला मराठीत वेगळंच वजन आहे. पण शब्द जरा उलगडून बघा. कोंडवाड्यात 'कोंडणं' आहे, आणि कोंडायला कुणीतरी कोंडणारा लागतो. भटकं ढोर शेतात शिरलं की ते हाकत नेऊन तिथं अडकवतात, मालक दंड भरून सोडवून नेतो. जनावर तिथं आपणहून कधीच जात नाही. दलित कवीनं हा शब्द उचलला तेव्हा त्यात 'तुम्ही आम्हाला कोंडलंत' हा आरोप होता, आणि आरोप कुणावर आहे तेही स्पष्ट होतं. बलरामचं दुखणं निराळं आहे. त्याला आरोपापेक्षा कोडं पडलंय, की कुणी कोंडत नसताना आम्ही आत का जातो. क्रियापदांकडे बघितलं तरी कळतं: गुरं कोंडतात, कोंबड्या खुराड्यात शिरतात.

'डालगं' कुणी सुचवलेलं नाही, पण त्याचाही विचार करून बघितला. बुरडानं विणलेली ती पाटी पिलांच्या कोंबडीवर पालथी घालतात, त्याला 'डालणं' म्हणतात. 'कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही' या म्हणीतलं झाकणंही याच जातीचं. शब्द मला फार आवडतो, पण डालग्याखाली एखादीच कोंबडी मावते. बलरामची गोष्ट गर्दीची आहे.

खुराड्याविरुद्ध एक आक्षेप मात्र खरा आहे. शहरी मराठीत 'खुराडं' म्हणजे नुसती अडचणीची जागा: 'दहा बाय दहाच्या खुराड्यात आयुष्य गेलं'. असा वाचक 'रूस्टर कूप' म्हणजे दाटीवाटी एवढंच समजेल, आणि खाटीक निसटेल. दाटीवाटीचा अर्थ वाया जात नाही हे खरं. गुडगावच्या टॉवरखाली तळघरात बलराम ज्या झुरळांनी भरलेल्या खोलीत झोपतो, ती अक्षरशः खुराडंच आहे. पण रक्ताचा वास शब्दात नाही, तो तुम्हालाच आणावा लागेल. म्हणून पहिल्यांदा उल्लेख येईल तिथं जामा मशिदीमागचं दृश्य दोन वाक्यांत लिहा, त्यात 'जाळीचे पिंजरे' असं खुशाल म्हणा, कारण ते वस्तूचं वर्णन आहे. पुढं प्रतीक म्हणून बोलाल तिथं मात्र सगळीकडे 'खुराडं'.

शेवटचं, लिंगाचं. तुम्ही कंसात विचारलंय की 'रूस्टर' म्हणजे कोंबडा, मग कोंबड्यांचं म्हटलं तर नर की मादी? मराठी इथं तुमच्या मदतीला येते. 'कोंबडे' आणि 'कोंबड्या' ही अनेकवचनं वेगळी असली तरी प्रत्यय लागताना दोन्हींचं सामान्यरूप एकच होतं, 'कोंबड्यां-'. तेव्हा 'कोंबड्यांचं खुराडं' बिनधास्त लिहा, प्रमाण लेखनात हवं तर 'खुराडे'. फक्त 'कोंबडीचं खुराडं' असं एकवचनी लिहू नका. एकटी कोंबडी असती तर ती कदाचित पळाली असती.