दात पडला, आता परी की उंदीरमामा?

प्रश्न : मुलगी सहा वर्षांची आहे, खालचा पुढचा दात हलतोय. वर्गातल्या सगळ्यांकडे टूथ फेअरी येते आणि उशीखाली नाणं ठेवून जाते. आम्ही लहानपणी दात उंदीरमामासाठी कौलांवर फेकायचो. इथल्या फ्लॅटला कौलं कुठली! तिला वर्गात वेगळं वाटू नये आणि आपलंही काहीतरी टिकावं. काय करू?

उत्तर : दोघांनाही घरी बोलवा. टूथ फेअरी काही फार जुनी नाही. शिकागोच्या एका वर्तमानपत्रात तिचा उल्लेख येतो तो 1908 सालचा. आणि उंदीरमामा म्हणजे फक्त आपल्याकडचं खूळ, असंही नाही. स्पेनमध्ये मुलांचे दात पेरेझ नावाचा उंदीर नेतो, फ्रान्समध्येही छोटीशी उंदरीणच येते. जपानमध्ये खालचा दात छपरावर टाकतात आणि वरचा जमिनीकडे, म्हणजे नवा दात त्या दिशेने सरळ वाढेल. हे सगळं लेकीला सांगा. उंदीरच का, हेही सांगा : त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. दात मागायचे तर अशाकडेच मागावेत, हे सहा वर्षांच्या मुलीला लगेच पटतं.

एक मात्र लक्षात ठेवा. दुधाचे दात 20 असतात आणि बाराव्या वर्षापर्यंत पडत राहतात. पहिल्या रात्री चमकी, दिवे, मोठी भेट असा थाट केलात, तर ऑफिसातून दमून आल्यावर सातव्या दाताला तो झेपणार नाही. पैशांचंही तसंच. एक नाणं पुरे, आणि प्रत्येक दाताला तेवढंच. धाकट्याच्या वेळी थोरलीला भाव बरोबर आठवतो.

खरी गंमत चिठ्ठीत आहे. बोटभर रुंदीची कागदाची पट्टी घ्या, कडा नखाने कुरतडल्यासारख्या फाडा आणि मुंगीएवढ्या अक्षरात मराठीत लिहा : ‘दात मिळाला. छान घासलेला आहे, फक्त मागच्या बाजूला ब्रश जरा कमी फिरतो. नवा पाठवतोय, थोडी वाट बघ. तुझा उंदीरमामा.’ एरवी मराठी वाचायला कुरकुरणारी मुलंही ही चिठ्ठी डोळ्यांजवळ धरून अक्षर अक्षर लावत वाचतात. उत्तर लिहावंसं वाटलं तर लिहू द्या, ऱ्हस्व-दीर्घ अजिबात सुधारू नका. दात सुटा उशीखाली ठेवू नका, अंधारात हाताला लागत नाही. झाकणाची छोटी डबी उशाशी ठेवा.

त्याच दिवशी आजी-आजोबांना व्हिडिओ कॉल करा. नुसतं ‘दाखव बघू दात’ यावर थांबू नका. त्यांनी स्वतःचा दात कुठे टाकला होता, तेव्हा काय म्हणायचे, हे तिलाच विचारू दे. ते जे म्हणायचे तेच तिला डबी ठेवताना म्हणू दे. आपलं म्हणून टिकवायचं ते हेच, कौलं नसली तरी चालेल.

हलणारा दात ओढू नका, जिभेने हलवत तिचा तिलाच पाडू दे. रक्त आलं तर स्वच्छ कापड दाबून धरायला सांगा. दात गिळला गेला तरी बहुधा काही बिघडत नाही. उंदीरमामाला तसं पत्र लिहा. खोकला किंवा श्वासाला त्रास झाला तर मात्र लगेच डॉक्टर गाठा.

कधीतरी ती विचारेल, ‘आई, तूच ना?’ आधी तिला काय वाटतं ते विचारा. तिने ओळखलंच असेल तर खोटं बोलू नका. घरात धाकटं भावंड असेल तर त्याची पुढची चिठ्ठी तिलाच लिहायला द्या, फक्त अक्षर बारीक काढायला सांगा.