जुन्या हायब्रिड गाडीला प्लग-इन किट बसवून घेणं परवडतं का?

प्लग-इन किट म्हणजे घरच्या प्लगवर चार्ज होणारी जादा बॅटरी. नुसत्या पैशांचं विचारत असाल तर नाही परवडत. पण त्यामागे लोक जे कारण सांगतात, की किटने पेट्रोल वाचतच नाही, ते बहुतेक वेळा चुकीचं असतं. त्या एका कारणावरून माझ्या घरात दोन वर्षं वाद चाललाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझी दुसऱ्या पिढीची प्रियस, म्हणजे टोयोटाची हायब्रिड, होती. तिची मूळ बॅटरी जेमतेम १.३ युनिटची, आणि तेवढीही गाडी पुरती वापरू देत नाही. एका जाणकार मित्राला हाताशी घेऊन मी डिकीत १२ व्होल्टच्या वीस लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या सिरीजमध्ये बसवल्या. कॅलिफोर्नियात प्लग-इन गाड्यांचा प्रसार करणाऱ्या कॅलकार्स या संस्थेच्या मंडळींनी २००४ साली प्रियसला प्लग लावला तोही लेड-अ‍ॅसिडवरच, त्यामुळे हिंमत केली. वजन वाढलं सव्वाशे किलोच्या वर. गाडी मागून इतकी बसली की हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांवर जायला लागला. मागच्या स्प्रिंग बदलाव्या लागल्या. किटवाले हा खर्च कधीच धरत नाहीत.

माझं ऑफिस येऊन-जाऊन १८ किलोमीटर, सगळा गर्दीचा रस्ता. मी वही ठेवली होती: किलोमीटर, युनिट, लिटर. आधी या फेरीला साधारण १.१ लिटर पेट्रोल लागायचं, किट बसवल्यावर ०.४. रोज पाऊण लिटरच्या आसपास बचत, आणि ती मी स्वतः मोजलेली.

मग दादा गाडी लग्नाला घेऊन गेला. चारशे किलोमीटर, हायवेने, आणि तेही चार्ज न करता! आल्यावर टाकी भरली, भागाकार केला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "काही फरक नाही. डिकीत दोन माणसं फुकट फिरवतोयस."

अरे, पण ही परीक्षा कशाची झाली? या गाडीत ताशी साधारण ६७ किलोमीटरच्या पुढे इंजिन फिरावंच लागतं, बॅटरी कितीही भरलेली असो. ट्रान्समिशनची रचनाच तशी आहे. हायवेवर वीज इंजिनाला हातभार लावते, त्याची जागा घेत नाही. शिवाय चार्जच केली नाही तर ते निव्वळ ओझं. दादाचा आकडा खरा होता, पण तो त्या प्रवासाचा होता, माझ्या रोजच्या १८ किलोमीटरचा नव्हता. वही पुढे केली तर त्याने उघडूनही पाहिली नाही. ते मला अजून लागतं.

खर्च वसूल न होण्याचं खरं कारण वेगळंच आहे. हायब्रिड गाडी मुळातच कमी पिते. जो आधीच काटकसरीने राहतो त्याच्या खर्चातून आणखी किती वाचवणार? शंभर किलोमीटरला दहा लिटर पिणारी गाडी असती तर गोष्ट निराळी होती. इथे सहाच लिटर, त्यातलेही सगळे वाचत नाहीत. वर्षाला दोनशे लिटरच्या आत-बाहेर माझी बचत, आणि दुसऱ्या हिवाळ्यात बॅटऱ्यांचा दम संपला. सुरुवातीला एका चार्जवर १६ किलोमीटर जायची ती नऊवर आली. काढून टाकल्या.

तरीही मला पश्चात्ताप नाही. मी पहाटे पाचला निघायचो. एरवी प्रियस चालू केली की काही सेकंदांत इंजिन आपणहून सुरू होतं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातली घाण कमी करणारा भाग) तापवायला. किटच्या विजेवर निघालो की ते होत नसे. आमची गाडी आईच्या खिडकीखाली उभी असायची आणि आईची झोप सावध. त्या दोन वर्षांत ती माझ्या गाडीने एकदाही जागी झाली नाही. दादाच्या भागाकारात हे कुठे धरायचं?

तुम्ही एवढं करा. एक लिटर पेट्रोलचं काम साधारण चार युनिट वीज करते, चार्जरमधली गळती धरून. दोन्ही दर तुमचे घाला, त्यातून एका लिटरमागे किती सुटतं ते काढा. मग दोन आठवडे रोजचं अंतर आणि वेग लिहा. किट विकणाऱ्याचा मायलेजचा आकडा धरू नका, आणि घरच्यांनी एका लांबच्या प्रवासावरून काढलेला तर मुळीच नको. रोज पंधरा-वीस किलोमीटर, संथ रस्ता आणि घरी प्लग असेल तरच पुढचा विचार करा.

आणि हो, लेड-अ‍ॅसिड घेऊ नका, लिथियमच बघा. पण किट कुणाचं ते नीट पाहा: ए१२३ सिस्टिम्सचं प्रियससाठीचं ५ युनिटचं हायमोशन किट नावाजलेलं होतं, तरी ती कंपनी २०१२ साली दिवाळखोरीत गेली. त्याच वर्षी टोयोटाची स्वतःची ४.४ युनिटची प्लग-इन प्रियस बाजारात आली होती, तेव्हा तसली जुनी फॅक्टरी गाडी मिळते का हेही बघा. विमा कंपनीला आधी लेखी विचारा, गाडीत असा बदल कायद्याने चालतो का तेही. दोनशे व्होल्टच्या वरचा डीसी जीव घेतो, त्या व्होल्टेजच्या नारिंगी वायरींना स्वतः हात लावू नका. आणि थंडीत हीटर लावलात की इंजिन सुरू होणारच, कारण आतली ऊब इंजिनाच्या गरम पाण्यातूनच येते. त्या महिन्यांची बचत निम्मीच धरा.