आम्ही की आपण?

प्रिय चिऊ,

रविवारी फोनवर तू आजीला म्हणालीस, "आपण काल सिनेमा बघितला." आजी हसली, "मी गं कधी बघितला?" मग झोपताना तू मला विचारलंस, इंग्रजीतल्या 'वी'ला (we) मराठीत दोन शब्द कशाला? आणि 'आम्ही' म्हणजे समोरच्याला वगळणंच झालं ना, मग ते वाईट नाही का? तेव्हा माझे डोळे मिटत होते. आता लिहून उशीखाली ठेवते.

वगळणं आहे खरं. 'आपण' म्हटलं की ऐकणारा आत, 'आम्ही' म्हटलं की बाहेर. इंग्रजीत हे झाकलेलं राहतं, मराठीत बोलताना दर वेळी ठरवावं लागतं. गंमत म्हणजे ही सोय संस्कृतात नाही. तमीळ-तेलुगूत आहे, आणि त्यांच्या शेजारामुळेच ती मराठीत आली असं बरेच भाषाअभ्यासक मानतात. म्हणजे शेजाऱ्याला बाहेर ठेवायची रीत आपण शेजाऱ्याकडूनच उचलली!

पण भांडण शब्दामुळे होत नाही. १९५४ साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमात मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने साधारण तुझ्याच वयाची २२ मुलं शिबिराला नेली. त्यांचे दोन गट केले, आणि सुरुवातीला एकमेकांचा पत्ताच लागू दिला नाही. पलीकडे आणखी कुणी आहे एवढं कळलं, आणि चेहराही न बघता मैदान 'आमचं' झालं. त्यात बक्षिसांच्या स्पर्धा लावल्या. मग काय, शिवीगाळ, एकमेकांचे झेंडे जाळणं, खोल्यांवर धाडी. सगळी चांगल्या घरची, शहाणी मुलं हं.

नंतर त्यांना नुसतं एकत्र जेवायला बसवलं, तर अन्नाची फेकाफेक झाली. फरक पडला तो पाणी बंद झालं आणि ट्रक अडला तेव्हा. रस्सीखेचीत एकमेकांना ओढायला वापरलेल्या रस्सीनेच दोन्ही गटांनी मिळून तो ट्रक ओढला.

हेन्री ताजफेल या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाने तर स्पर्धाही ठेवली नाही. क्षुल्लक कारणावरून मुलांचे गट पाडले आणि प्रत्येकाला दोन्ही गटांतल्या इतर मुलांमध्ये पैसे वाटायला सांगितले. वाटणाऱ्याला स्वतःला काहीच मिळणार नव्हतं. तरी पुष्कळांनी अशी वाटणी केली की आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालतील, पण दुसऱ्या गटापेक्षा जास्त मिळाले पाहिजेत. हे वाचलं की मला चरकायला होतं, कारण ते मला ओळखीचं वाटतं.

'ते आपली जागा घेतील' ही एक भीती. 'ते आपली भाषा, आपल्या रीती पुसून टाकतील' ही दुसरी, आणि माझ्या मते जास्त चिवट. जागा निदान मोजता तरी येते.

मागे बसमध्ये आपण मराठीत बोलत होतो, तेव्हा शेजारची बाई उठून दुसरीकडे जाऊन बसली, आठवतं? मी दिवसभर धुमसत होते. आणि महिन्याभरात गाडीत मीच बाबांना म्हणाले, "हे नवीन लोक यायला लागल्यापासून आम्हाला इथे परकं वाटायला लागलंय." मागच्या सीटवरून तू विचारलंस, "आम्ही म्हणजे कोण?" मी विषय बदलला.

खरं सांगू? त्या 'आम्हाला'मध्ये मी बसमधल्या त्या बाईलाही धरलं होतं. तिने मला धरलं असतं का, कोण जाणे.

तुझी,
आई