विकायचं घर आणि चालू मीटर

गेल्या दोन महिन्यांत आलेली प्रश्नांची पत्रं एकत्र वाचली. निम्मी विजेच्या बिलाची, निम्मी घर विकण्याची, आणि बरीचशी दोन्ही मिळून. पंचवीस वर्षं वायरिंगची कामं घेतली, त्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही. घर विकायला काढलं की माणूस पहिल्यांदाच आपल्या भिंतींकडे परक्याच्या नजरेनं बघतो, आणि मग त्याला मीटरही दिसतो. म्हणून या वेळी दोन्हीची उत्तरं एकत्रच देतो.

प्रश्न : कोथरूडमध्ये तीस वर्षांपूर्वी घेतलेला दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. आम्ही दोघंच राहतो, सत्तरी ओलांडलेली. एसी फक्त एप्रिल-मेमध्ये लागतो, तरी जानेवारीचं बिल 380 युनिटचं आलं. दिवाळीनंतर फ्लॅट विकायचा आहे. मुलगा म्हणतो, त्याआधी एसी, गीझर, फ्रिज सगळं फाइव्ह स्टार करून टाका.

मुलाला म्हणावं, जरा दम धर. थंडीत दोन माणसांना 380 युनिट लागत नाहीत. नवीन वस्तू आणण्याआधी वीज जाते कुठे ते बघू.

एका संध्याकाळी घरातलं सगळं बंद करा. फ्रिजचा प्लगही काढा, सेट-टॉप बॉक्स आणि इन्व्हर्टरसुद्धा. मेन स्विच मात्र चालू ठेवा. मग खाली जाऊन मीटर बघा. त्यावर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी एक आकडा छापलेला असतो, बहुधा 3200 किंवा 1600. 3200 असेल तर दिवा तितक्या वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. घरात सगळं बंद असताना दिवा लुकलुकायला नको. समजा दर दहा सेकंदांनी एकदा लुकलुकतोय. तासाला 360 वेळा, म्हणजे सुमारे 110 वॉट कुठेतरी खर्च होताहेत. महिन्याचे झाले 80 युनिट. तुमच्या बिलात 300 च्या वर बरोबर 80 च युनिट आहेत, आणि महावितरणच्या टप्प्यांत 300 च्या पुढचं युनिट त्याखालच्यापेक्षा बरंच महाग पडतं.

आता मेन बंद करून पुन्हा बघा. दिवा थांबला, तर गळती घरात आहे. मेन पुन्हा चालू करून एकेक फ्यूज काढत जा किंवा एमसीबी (बिघाड झाला की आपोआप पडणारा छोटा स्विच) पाडत जा, कुठल्या लाइनवर आहे ते कळेल. बहुतेक वेळा जुना गीझर सापडतो किंवा बाथरूममधली ओल लागलेली वायर. मेन बंद करूनही दिवा लुकलुकत राहिला, तर बहुधा मीटर आणि तुमचं घर यांच्यामध्ये कुणीतरी जोड घेतला आहे.

यावरून एक गोष्ट आठवली. नारायण पेठेतल्या एका इमारतीत असंच झालं होतं. मेन बंद, तरी दिवा आपला लुकलुकतोय. वायर धरत धरत वर गेलो, तर जिन्यातले चार दिवे आणि वॉचमनच्या खोलीतला पंखा, सगळं एकाच आजोबांच्या मीटरवर. बांधकामाच्या वेळी तात्पुरतं जोडलेलं, नंतर काढायचं राहून गेलं. आजोबांनी अकरा वर्षं बिल भरलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांना चहा आणि शाल मिळाली. पैशांचा विषय कुणी काढला नाही.

आता मुलाच्या यादीकडे. नवा एसी अजिबात घेऊ नका. घेणारा माणूस एसीचे वेगळे पैसे देत नाही, आणि त्याला स्वतःच्या आवडीचा घ्यायचा असतो. आहे त्याची जाळी धुऊन 24 वर चालवा. फ्रिज तर तुम्ही सोबतच नेणार. त्याच्या दारात दहाची नोट अडकवून दार लावा. नोट सहज सुटून आली तर दाराचं रबर गेलंय. फ्रिज बदलायची गरज नाही, रबर बदला.

खर्च करायचाच तर वायरिंगच्या बोर्डावर करा. तीस वर्षांचा फ्लॅट म्हणजे अजून लाकडी पट्टीवर किटकॅट फ्यूज असतील. ते काढून एमसीबी आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. घेणारा जो कुणी येईल, तो सोबत मेव्हण्याला आणतो, आणि मेव्हणा पहिल्यांदा तेच झाकण उघडून बघतो.

प्रश्न : नागपूरला वडिलांचं बांधलेलं एक मजली घर आहे. दोन वर्षांत विकून मुलीकडे जायचा विचार आहे. शेजाऱ्यानं छतावर सोलर बसवलं, सरकारी अनुदानही मिळालं. आम्हीही बसवावं का? घराची किंमत वाढेल का?

पंतप्रधान सूर्यघर योजना 2024 च्या फेब्रुवारीत आली. तीन किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान आहे. तीन किलोवॉट म्हणजे महिन्याला साधारण 350 युनिट, आणि गच्चीवर अंदाजे 300 चौरस फूट मोकळं ऊन. अनुदान वजा जाताही लाखभर रुपये खिशातून जातात. ते भरून यायला चार-पाच वर्षं लागतात, आणि तुमच्याकडे आहेत दोन. किंमत वाढण्याचं म्हणाल, तर आपल्याकडे जुन्या बंगलीचा सौदा अजून जमिनीच्या फुटावर होतो. पॅनेलमुळे गिऱ्हाईक लवकर पटेल, पण घातलेला सगळा पैसा भावात वसूल होईल असं मी म्हणणार नाही. दहा वर्षं राहणार असतात, तर उद्याच बसवा म्हटलं असतं.

शेजाऱ्यांना मात्र एक निरोप द्या. पॅनेल आणि इन्व्हर्टरच्या वॉरंटीची कागदं, नेट मीटरिंगचा (जास्तीची सोलर वीज महावितरणला देण्याचा) करार, अनुदानाचं पत्र हे एका फाइलीत ठेवा म्हणावं. पुढे घर विकायचं झालं तर वीज जोडणीबरोबर नेट मीटरही नव्या मालकाच्या नावावर करावा लागतो, आणि तेव्हा कागदासाठी कपाटं उपसावी लागतात.

तुमच्या घराला खरं काम आहे ते स्लॅबचं. नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. दिवसभर तापलेला स्लॅब ती उष्णता रात्री खोलीत सोडतो, म्हणून बारा वाजेपर्यंत गादीसुद्धा गरम लागते. फेब्रुवारी संपताना गच्ची झाडून, भेगा भरून, चुन्यात थोडा फेव्हिकॉल मिसळून दोन हात मारा. पहिला हात पूर्ण वाळू द्या, घाई करू नका. चुना पावसात जातो, दरवर्षी पुन्हा मारावा लागतो. ते नको असेल तर उन्हाळी पांढरा रंग मिळतो, महाग असतो पण काही वर्षं टिकतो. दुपारी गच्चीवर अनवाणी उभं राहून बघा. चुना मारलेल्या भागावर पाय टिकतो, कोऱ्या कोब्यावर टिकत नाही.

आणि कूलर काढून एसी लावू नका. कोरड्या हवेत कूलरसारखा स्वस्त गारवा दुसरा नाही. पंखा आणि पंप मिळून दोनशे वॉटच्या आत काम होतं, दीड टनाचा जुना एसी तासाला दीड युनिट घेतो. फक्त खिडकी उघडी हवी आणि वाळ्याचे पडदे नवे हवेत. (रत्नागिरीच्या वाचकांनी हे वाचून कूलर आणू नये. तिकडच्या दमट हवेत तो फक्त कपडे ओले करतो.)

प्रश्न : गीझर दिवसभर चालू ठेवला तर वीज कमी लागते असं ऐकलं. खरं का? — कोल्हापूर

नाही. 15 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 वर न्यायला साधारण 0.6 युनिट लागतं, मग ते सकाळी तापवा नाहीतर दुपारी. दिवसभर चालू ठेवलात तर टाकी निवत राहते आणि गीझर तिला पुन्हा पुन्हा तापवत राहतो, तेवढी वीज वरची. दोन किलोवॉटचा गीझर वीस मिनिटांत काम करतो. अंघोळी एकामागोमाग उरका, म्हणजे झालं. बाकी हा सल्ला मला दरवर्षी कुणीतरी ऐकवतो, आणि प्रत्येक वेळी तो कुणाच्या तरी इंजिनिअर जावयानं दिलेला असतो.

प्रश्न : ठाण्यात फ्लॅट विकायचा आहे. बेडरूमच्या एका भिंतीवर ओल आहे. एजंट म्हणतो, वॉटरप्रूफ पुट्टी आणि रंग मारा, दोन महिने काही दिसत नाही.

दोन महिन्यांनी दिसेल, आणि तेव्हा तुमचा फोन वाजेल. ओल आहे हे सांगून किंमत थोडी कमी घेतलेली परवडते. इसारानंतर सौदा मोडला तर त्याच इमारतीत दुसरं गिऱ्हाईक मिळवणं अवघड होतं.

आधी ओल कुठून येते ते ठरवा. भिंतीवर हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीनं पक्का लावा, दोन दिवस तसाच ठेवा. पाणी प्लॅस्टिकच्या मागे जमलं तर ते भिंतीतून येतंय. समोरच्या बाजूला जमलं तर खोलीतली दमट हवा गार भिंतीवर निवतेय, आणि त्याला कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढणं, खिडकी उघडी ठेवणं, एवढंच औषध आहे.

भिंतीतूनच येत असेल, तर बाहेरच्या भिंतीची, गच्चीची किंवा सामाईक पाइपची गळती दुरुस्त करणं आदर्श उपविधींनुसार सोसायटीचं काम आहे. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. वरच्या फ्लॅटच्या बाथरूमची असेल तर ते दोन सभासदांनी आपसात भागवायचं. आणि भिंत पूर्ण वाळल्याशिवाय रंग नको. ठाण्यात म्हणजे दिवाळीच्या आधी नाहीच.

प्रश्न : डोंबिवलीतला फ्लॅट वडिलांच्या नावावर होता. ते गेले. सोसायटीत नॉमिनी म्हणून माझं नाव आहे, पण लाइट बिल अजून त्यांच्याच नावानं येतं. विक्रीला अडचण येईल का?

लाइट बिल हा मालकीचा पुरावा नाही, तेव्हा त्यानं सौदा थांबणार नाही. अडचण दुसरीकडे आहे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बहीण-भाऊ, आई यांचा हक्क शाबूत असतो. हक्कसोडपत्र किंवा सगळ्यांच्या सह्या, यांपैकी एक आधी उरकावं लागेल. ते वकिलाकडून करा, माझ्याकडून नको.

सोसायटीचा दाखला घेणाऱ्याची बँक मागेल, म्हणून सगळी देणी भरून ठेवा. महापालिका हद्दीत हस्तांतरणाचं प्रीमियम 25,000 रुपयांच्या वर मागता येत नाही. 'इमारत निधी', 'स्वेच्छा देणगी' अशा नावांनी मागणी आली तर ती नम्रपणे लेखी द्यायला सांगा. बहुतेक वेळा ती तिथेच विरते.

मीटरचं म्हणाल, तर वारसाहक्काची कागदं झाली की महावितरणकडे नावबदलाचा अर्ज ऑनलाइन करता येतो. ताबा द्याल त्या दिवशी घेणाऱ्याला सोबत घेऊन मीटरच्या आकड्याचा फोटो काढा, आणि तो आकडा ताबापावतीत लिहा. थकबाकी माणसापेक्षा जागेला चिकटते, त्यामुळे घेणाराही त्यावर आनंदानं सही करतो. वडिलांनी भरलेली सुरक्षा ठेवही महावितरणकडे असते. ती कुणाची, हे करारात एका ओळीत लिहून टाका. माझ्या पाहण्यात दर दहा सौद्यांत आठ जण तिला विसरतात.

प्रश्न : घर बघायला माणसं येतात तेव्हा सगळे दिवे लावून ठेवावेत का? आणि नवे घेतलेले बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे सोबत न्यायचे की ठेवायचे? — नाशिक

भर दुपारी सगळे दिवे लावले तर येणारा म्हणतो, घर अंधारं दिसतंय. त्यापेक्षा खिडक्यांच्या मच्छरजाळ्या काढून घासून धुवा. वर्षानुवर्षांची धूळ गेली की उजेड आणि वारा दोन्ही वाढतं. दिव्यांच्या काचा उतरवा, आतले मेलेले किडे झटका. जिथे अजून पिवळा 60 वॉटचा बल्ब असेल, तिथे 9 वॉटचा एलईडी लावा.

पंखे न्या. जुना पंखा 75 वॉट घेतो, हा 30. रोज पंधरा तास चालला तर पंख्यामागे महिन्याला वीसेक युनिट वाचतात, ती बचत नव्या घरातही होईल. फक्त घर दाखवायला सुरुवात करण्याआधीच ते काढून जुने पंखे लावा. बघताना जे छताला दिसलं, ते आपलं, असं घेणारा धरून चालतो. पंख्यावरून मोडलेला एक सौदा मी स्वतः पाहिलाय, आणि तो पंखा चालतसुद्धा नव्हता.