वाचकांचे प्रश्न : चाकाला चाक लागलं की

प्रश्न : टूर द फ्रान्समध्ये एक जण पडला की मागचे वीस-पंचवीस का कोसळतात? आम्ही सहा जण रविवारी पहाटे पाम बीच रोडला सायकली काढतो. काय सांभाळायचं?
– एक वाचक, सानपाडा

उत्तर : ताशी 50 किलोमीटरला सायकल सेकंदात जवळपास 14 मीटर कापते, आणि पुढच्या सायकलचं चाक जेमतेम हातभर अंतरावर असतं. ब्रेक दाबेपर्यंत धडक झालेली असते. सुरुवात बऱ्याचदा एकाच चुकीने होते: आपलं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाशेजारी घुसतं. तो जरा सरकला की चाकं घासतात. तो सहसा सावरतो. आपलं हँडल मात्र अडतं, तोल साधायला वळवता येत नाही, आणि आपण आडवे. तुम्ही शर्यतीत नाही, तेव्हा निदान एक सायकलभर अंतर ठेवाच. नजर चाकावर नको, पुढच्याच्या खांद्यावरून लांब. खड्डा हाताने दाखवा, एकदम ब्रेक मारू नका.

आणि हेल्मेट. 2003च्या पॅरिस-नीस शर्यतीत कझाकस्तानचा सायकलपटू आंद्रेई किविलेव्ह डोक्याला मार लागून दगावला, तेव्हा कुठे व्यावसायिक शर्यतींत ते सक्तीचं झालं. हनुवटीखाली दोन बोटं मावतील इतकाच पट्टा सैल हवा. जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बदला. आतला थर्माकोल दबलेला असतो.